प्रिंटर पोर्टातलं लॉक

आमच्या धुळ्याच्या घरातला कॉम्प्युटर बदलायचा, की त्याच्यावरच थोडा खर्च करून पुढे चालवायचा, हे ठरवायला आम्हाला 2025ची आखाजी ते दिवाळी एवढा वेळ लागला. आमच्याकडे याहून कमी वेळात लग्नं ठरलेली आहेत.

यंत्राची ओळख करून देते. इंटेलचा आय-3 2120 प्रोसेसर, एच-61 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबी डीडीआर-3 रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर आणि विंडोज 7, तेही 32 बिट. 2012 साली मी जळगावला शिकत होते, म्हणून गोलाणी मार्केटमध्ये फिरून हे सगळं मीच जमवलं, आणि कॅबिनेटचा खोका मांडीवर घेऊन एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला आणला. खरेदीत बाबांची अट एकच होती. प्रोसेसर कुठला, रॅम किती, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मागे प्रिंटर पोर्ट असलेला बोर्ड बघ." तेव्हा मला वाटलं, जुना प्रिंटर वापरायचा असेल.

हा कॉम्प्युटर म्हातारा झालाय हे कळायला तज्ज्ञ लागत नव्हता. सकाळी बटण दाबून बाबा आंघोळीला जात. आंघोळ, देवपूजा आणि अर्धा चहा झाला की स्क्रीनवर काहीतरी हलायला लागे. मे महिन्यात कॅबिनेटची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावलेला असे. 43-44 अंशांच्या खान्देशात हे दृश्य नवीन नाही. उघड्या बाजूने धूळ आत जाते, धुळीने यंत्र आणखी तापतं, मग फॅन आणखी एक फूट पुढे सरकतो. 2023च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज 7साठी नवीन आवृत्त्या देणं बंद केलं, आणि त्यानंतर एकेक साइट रुसत गेली. आखाजीला आम्ही सगळे धुळ्यात होतो. बाबांना सातबारा काढायचा होता, पान अर्धं उघडून थांबलं, आणि पुण्याहून आलेला दादा म्हणाला, "बाबा, आता हे भंगारात द्या. मी नवीन लॅपटॉप पाठवतो."

बाबा म्हणाले, "कसाले? चाली ऱ्हायनं ना."

बाबा आजीशी अहिराणी बोलायचे आणि आमच्याशी मराठी. आजी गेल्यापासून त्यांच्या तोंडून अहिराणी फक्त विरोध करतानाच निघते.

दादा चुकीचं बोलत नव्हता. विंडोज 7ला सुरक्षेचे अपडेट 14 जानेवारी 2020 रोजीच थांबले. अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकणं म्हणजे दाराला कडी न लावता आखाजीला माहेरी जाणं. पण मी जळगावात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं काम बघते, आणि "घरचा पीसी स्लो झालाय, नवीन घेऊ का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं. माझं उत्तर पाठ आहे. आधी डिस्क बघा. फिरणारी डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचल्या जातात. फिरणाऱ्या डिस्कची सुई त्या प्रत्येकीसाठी जागा शोधत हिंडते, एसएसडीत हिंडायला काही नसतंच. एच-61 बोर्डाचा सॅटा पोर्ट जुन्या वेगाचा आहे, एसएसडीला तो अर्ध्यावरच अडवतो, तरीही फरक जाणवतो, कारण खरा वेळ जातो तो या शोधाशोधीत. मग रॅम 8 जीबी करा. आणि प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यापुढे एक रुपया घालू नका, कारण विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. पिढी ओळखायची सोपी खूण म्हणजे आकडा: 8500 मधला 8 म्हणजे आठवी, 2120 मधला 2 म्हणजे दुसरी.

हे पाठ उत्तर बाबांच्या यंत्राला लावून बघितलं, तर ते दुसऱ्या पायरीवर अडलं. 32 बिटचं विंडोज 4 जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही. म्हणजे रॅम वाढवायची तर 64 बिटचं विंडोज टाकावं लागणार. मी तसं म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "आणि लॉक?"

ज्यांनी 2000च्या आसपास डीटीपी केलं नाही त्यांना हे सांगायला हवं. त्या काळात मराठी फॉन्ट फुकट मिळत नव्हते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी सॉफ्टवेअरं असत. बाबांनी 2001 साली त्यातलं एक पैसे मोजून घेतलं, आजूबाजूला कॉपी चालत असताना. त्याबरोबर काडेपेटीएवढं एक प्लास्टिकचं ठोकळं आलं, 25 पिनांचं. ते कॉम्प्युटरमागच्या प्रिंटर पोर्टात खोचायचं. सॉफ्टवेअर सुरू होताना विचारतं, लॉक आहे का? असेल तर मराठी उमटतं, नसेल तर नाही. मला जो प्रिंटर पोर्ट शोधायला सांगितला होता तो प्रिंटरसाठी नव्हता, या ठोकळ्यासाठी होता.

आता गाठ कशी बसली होती ते बघा. लॉकचा ड्रायव्हर 2001चा, 32 बिटचा. 64 बिटचं विंडोज तो उचलतच नाही. विंडोज 11 तर 32 बिटमध्ये निघालेलंच नाही. दादाच्या लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट असणार नाही. यूएसबीला जोडून प्रिंटर पोर्ट देणाऱ्या वायरी मिळतात, पण त्या फक्त प्रिंटरशी बोलतात, लॉकला ओळखत नाहीत. नव्या यंत्राच्या पोटात खोटं-खोटं जुनं विंडोज चालवता येतं, पण त्या खोट्या यंत्राला खरा पोर्ट कुठून आणणार? थोडक्यात, रॅम वाढवली की लॉक गेलं, यंत्र बदललं की लॉक गेलं. बाबांचं "चाली ऱ्हायनं ना" दादाला म्हातारपणाचा हट्ट वाटला होता. मला जूनमध्ये कळलं की त्या तीन शब्दांत आमच्या दोघांपेक्षा जास्त तांत्रिक समज होती.

लॉक जाऊन जाऊन काय जाणार होतं? लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, शाळेच्या पावतीपुस्तकांचे नमुने, गणेश मंडळांचे अहवाल. ते गेलं असतं तरी चाललं असतं. त्यातली अर्धी लग्नं आता आजी-आजोबा झाली आहेत. पण डी ड्राइव्हवर 'आई' नावाचं एक फोल्डर आहे, त्यात 187 फाइली आहेत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. 2003 ते 2009 या काळात बाबांनी तिच्या तोंडून गाणी उतरवून घेतली: आखाजीची, कानबाईची, गुलाबाईची, लग्नातली, जात्यावरची. भारनियमनाच्या तासांत ती सांगे आणि बाबा खराब झालेल्या पत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत. लाइट आली की टाइप करत. टाइप झालं की पत्रिका बंबात. आजी 2011त गेली. आवाजाचं रेकॉर्डिंग नाही. एक दिवस पुस्तक काढायचं म्हणून सगळं पेजमेकरमध्ये पानं लावून ठेवलेलं, आणि छापलेलं एकही पान नाही, कारण बाबांच्या मते अजून प्रूफ तपासायचंय.

मी एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जळगावला आले आणि माझ्या लॅपटॉपवर मजकूर उघडला. डॉलरची चिन्हं, उलटे स्वल्पविराम, डोक्यावर टोप्या घातलेले युरोपियन स्वर. हे का होतं ते मी मुलांना शिकवते, पण आपल्या आजीचं झालेलं कधी बघितलं नव्हतं. जुन्या फॉन्टात मराठी अक्षर असं काही नसतंच. आत साठवलेला असतो एखाद्या इंग्रजी चिन्हाचा क्रमांक. फॉन्ट फक्त त्या चिन्हाला 'क'चा मुखवटा घालतो. फॉन्ट बदलला की मुखवटा गळतो. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याकडे वाचता येत नाही. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915, आणि तो तुमच्या फोनमध्ये, माझ्या लॅबमध्ये, जपानमध्ये एकच. तुम्ही आज फोनवर मराठी वाचताय ते त्यामुळे.

धुळ्यात वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही खरं तर. राजवाडे संशोधन मंडळ आमच्या गावात आहे. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, 31 डिसेंबर 1926ला धुळ्यातच वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. लहानपणी शाळेने तिथे नेलं होतं. मला आठवतो तो कागद: शाबूत, स्वच्छ, शाई काळीभोर, आणि आमच्या वर्गातल्या एकालाही, सरांसकट, त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, कारण ते मोडीत होतं. कागद टिकला होता, वाचणारे संपले होते. मोडीला तसं व्हायला काही पिढ्या लागल्या. आजीच्या फाइलींना 20 वर्षंही लागली नाहीत.

पुढच्या फेरीत मी डिस्क तपासली. तब्येत सांगणाऱ्या सॉफ्टवेअरने पिवळा रंग दाखवला: डिस्कवरच्या काही जागा खराब होऊन बदलल्या गेल्या होत्या. पिवळी डिस्क दोन वर्षं चालते किंवा परवा बसते. इथे माझ्यापुरता प्रश्नच बदलला. अपग्रेड की नवीन, हा वाद जाहिरातींनी आपल्याला शिकवलाय, आणि तो वेगाचा वाद आहे. बाबांना वेगाची घाई नव्हती. त्यांचा चहा नीट होत होता.

म्हणून जे केलं त्याला ना धड अपग्रेड म्हणता येईल ना बदल. जुलैत 3,000च्या आत 512 जीबीची एसएसडी आणली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली: तेच 32 बिट, तेच विंडोज 7, तोच पेजमेकर. रॅमला हात लावला नाही. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, धूळ काढली (सुपडंभर निघाली) आणि नेटची वायर कायमची काढून टाकली. नेट नसलेल्या यंत्राला अपडेटची भीती फारशी उरत नाही. यंत्र आता 40 सेकंदांत सुरू होतं. बाबांनी याबद्दल तक्रार केली. म्हणाले, "आता चहा गार होतो, तो सोडून यावं लागतं."

ऑगस्टात कानबाईच्या रोटांना घरी गेले तेव्हा दोन दिवस बसून सगळी 187 गाणी लेझर प्रिंटरवर छापली. टोनर एकदा भरून आणावा लागला. आई म्हणाली, एवढं करायला कॉम्प्युटर बिघडायची वाट कशाला बघत होतात? त्यावर बाप-लेकी दोघांनीही उत्तर दिलं नाही. पीडीएफही केल्या. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात हुबेहूब, पण ती चित्रासारखी. त्यात 'कानबाई' शोधलं तर सापडत नाही.

दुसरं यंत्र घ्यायचंच होतं, सातबारा आणि बँकेसाठी. त्यासाठी मी थांबले, आणि थांबण्याला कारण होतं. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा आधार संपणार होता. कंपन्या, ऑफिसं आपली यंत्रं काढतात तेव्हा ती पुसून-पासून बाजारात येतात. तशी ती आलीही. गोलाणीतल्या एका दुकानात पोराने मला आय-7 दाखवला, "ताई, आय-5च्या भावात आय-7 देतोय, बघा." आकडा बघितला तर 6700. सहावी पिढी, म्हणजे ज्या कारणासाठी कोणीतरी तो फेकला होता ते कारण माझ्या घरी आलं असतं. त्याला आकडा दाखवल्यावर तो हसला आणि आतून 8500वाला आय-5 काढला. 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, 16 हजार. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी अशी खरेदी व्हायची असेल तर नाव बघू नका, आकडा बघा. आणि रॅम नंतर वाढवू असं म्हणून ठेवू नका: 2025च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की जगभर रॅमचे भाव चढले, आणि ते गोलाणीपर्यंत पोचले.

दादाला मी हिशोब पाठवला: एसएसडी, पेस्ट, टोनर, दुसरं यंत्र, सगळं मिळून त्याच्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी. त्याने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "पण आता घरात दोन डबे झाले." ते खरं आहे.

खरं काम त्यानंतरचं होतं, आणि ते अजून चालू आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: या चिन्हाच्या जागी ते अक्षर. ऐकायला सोपं. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, टाइपरायटरसारखी. युनिकोडमध्ये ती नंतर. रफार उलट: तिकडे शेवटी, इकडे आधी. 'स्थिती'सारख्या शब्दात वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायला लावावी लागते. हे सगळं जमल्यावर पहिलं गाणं काढलं आणि ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. 'ऱ्हायना'चं 'र्हायना' झालं होतं.

नेटवर मराठी वाचणाऱ्यांनी हे हजारदा बघितलं असेल, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. मराठीत ते अधूनमधून खटकतं. पण अहिराणीत माणूस जे काही करत असतो ते 'करी ऱ्हायना' असतो. जाणं, येणं, रडणं, दळणं, सगळ्याला ते लागलेलं. 187 गाण्यांत तो आडवा र किती वेळा आला असेल? माझ्या तक्त्यात तो एका चिन्हाने सांगितला होता, फॉन्टात तो दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून टाइप होत होता, आणि बाबांनी सात वर्षांत दोन्ही वापरले होते. हे शोधायला मला जुन्या यंत्रासमोर बसून, लॉक लावून, एकेक कळ दाबून बघावं लागलं. मुखवट्यामागे कोण आहे हे फक्त तिथेच कळत होतं. मूळ यंत्र जिवंत नसतं तर मी अंदाजाने अक्षरं बसवली असती आणि आजीची भाषा मला येते त्या मराठीकडे थोडी सरकली असती. तसंही होतच असतं. फोनचा कीबोर्ड 'धुये' लिहू देत नाही, 'धुळे' करून टाकतो.

नव्या यंत्रावर बाबांना टाइपरायटरचाच कळफलक बसवून दिलाय, युनिकोडचा. त्यांनी उमेदीत मुलांना 30 आणि 40 शब्दांच्या परीक्षांना बसवलंय. त्यांची बोटं दुसरं काही शिकणार नाहीत आणि मी सांगणारही नाही.

दिवाळीत पहिली 12 गाणी फोनवर वाचता येतील अशी तयार झाली. त्यातलं आखाजीचं एक बाबांनी सुरतेला आत्याला पाठवलं. आमची अर्धी भावकी सुरतेत आहे, कापडाच्या कामाला गेलेली. आत्याने ते वाचलं की नातवाकडून वाचून घेतलं, माहीत नाही. तासाभराने तिचा व्हॉइस मेसेज आला. आधी खोकला, मागे मशीनची घरघर, आणि मग तिने ते गाणं अख्खं म्हटलं. चाल आम्ही सगळे विसरलो होतो. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिसऱ्या कडव्यात भाऊ बहिणीला माहेरी न्यायला गाडी जुंपून निघतो. बाबांच्या फाइलीत तो धुयेहून निघतो. आत्याने म्हटलं त्यात तो जयगावहून निघतो. शेवटी ती म्हणाली, आई धुये कधीच म्हणायची नाही, तिचं माहेर तिकडचं होतं, तुला माहीत नाही का भाऊ?

बाबा बराच वेळ फोनकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला सांगताना धुये म्हणाली होती. मी धुळ्यात बसलो होतो ना तिच्यासमोर."

"मग काय ठेवायचं?"

"दोन्ही ठेव. खाली लिही, अमकीने असं म्हटलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि जुन्यातही टाकायचं ना?"

मी हो म्हटलं. मॉनिटर अजून एकच आहे. त्यांनी वाकून नव्या यंत्रामागची वायर काढली आणि जुन्याला लावली.